न पेटलेला दिवा

डीपीवरचा स्विच पाडून झाला आहे. फ्यूजही काढून झालेत, आणि मागून कुणी ते परत लावू नयेत म्हणून मुरलेल्या लाईनमनने ते आपल्याच खिशात घातलेत. आता तो खांबावर आहे आणि समोर तार आहे. तिच्यात वीज आहे की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही. जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला अगदी जुळ्या बहिणी. तो टेस्टर काढतो, टोक तारेला टेकवतो. टेस्टरच्या पोटातला निऑनचा इवलासा दिवा पेटत नाही.

या न पेटण्याचा अर्थ काय?

घाईतला माणूस म्हणेल, लाईन बंद आहे. पण दिवा न पेटायला इतरही कारणं असतात. टेस्टर काल हातातून पडून आतला दिवा फुटला असेल. भर उन्हात तो फिका नारिंगी उजेड दिसलाच नसेल. निऑनचा टेस्टर पेटतो तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर. कोरड्या लाकडी शिडीवर रबरी बूट घालून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात तो इतका मंद पेटतो की पेटला नाही असंच वाटावं. तिकडे स्विच पाडला असला तरी पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी जनरेटर सुरू करून वीज उलट्या वाटेने तारेत सोडलेली असू शकते. म्हणजे लाईन जिवंत आणि टेस्टर मेलेला, अशी जोडीही जमू शकते. ही जोडी जमली की बातमीत येतं ते माणसाचं नाव.

म्हणून जाणकार माणूस तीन पायऱ्यांनी जातो. आधी टेस्टर नक्की जिवंत असलेल्या ठिकाणी लावून पेटतो का बघायचं. मग ज्या तारेवर काम करायचं तिला लावायचा. आणि तिथे पेटला नाही, की पुन्हा जिवंत ठिकाणी नेऊन तो अजून पेटतो का बघायचं. अमेरिकेच्या ‘एनएफपीए ७०-ई’ या विद्युत-सुरक्षेच्या मानकात ही आधीची आणि नंतरची खातरजमा स्पष्ट सांगितलेली आहे. पहिली पायरी बऱ्याच जणांना पटते. तिसरी मात्र कंटाळवाणी वाटते, कारण तोवर मनाने ‘लाईन बंद’ असा निकाल देऊन टाकलेला असतो. खरं तर सगळी तर्कशुद्धता त्या तिसऱ्या पायरीतच आहे: मधल्या क्षणी टेस्टर धड होता हे ती पायरी मागून सिद्ध करते.

‘नाही’ हे आपल्याला कळतं कसं, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत पूर्वीच घनघोर वाद झालेले आहेत. सातव्या शतकाच्या आसपासचा कुमारिल भट्ट आणि त्याचे भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ म्हणजे न आढळणं हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातून येतं. अद्वैत वेदान्त्यांनीही हे प्रमाण उचललं. नैयायिकांना वेगळं प्रमाण मान्य नव्हतं. अभाव प्रत्यक्षानेच कळतो, असं त्यांचं म्हणणं. पण एका अटीवर या भांडखोर मंडळींचं बऱ्यापैकी एकमत होतं. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं कुणी म्हणालं तर ते ज्ञान नव्हे, निव्वळ अंदाज.

बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने याच जागी पिशाचाचा दाखला घेतला. पिशाच स्वभावतःच न दिसणारं. तेव्हा ते दिसलं नाही यावरून ते नाही असा निष्कर्ष निघत नाही. तारेतली वीज ही नेमकी या जातीची आहे. टेस्टरचं काम म्हणजे पिशाचाचा घट करणं, न दिसणाऱ्याला दिसण्याजोगं करणं. आणि लाईनमनच्या पहिल्या आणि तिसऱ्या पायऱ्या म्हणजे खोलीत उजेड होता याची साक्ष.

न पेटलेल्या दिव्याने केवढा घोळ घातला होता याचा एक गाजलेला दाखला वीजनिर्मितीच्याच क्षेत्रात आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि परत बंद व्हायच्या ऐवजी उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझलेला होता. कर्मचाऱ्यांनी अर्थ लावला, झडप बंद आहे. वस्तुतः तो दिवा झडपेची अवस्था दाखवत नव्हताच. झडपेला वीज जाते आहे की थांबली आहे, एवढंच सांगत होता. बंद होण्याचा हुकूम पोचला होता, अंमलबजावणी झाली नव्हती. दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी त्या वाटेने निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. कुमारिलाचा एखादा हट्टी शिष्य त्या खोलीत असता तर त्याने एकच विचारलं असतं: झडप उघडी असती तर हा दिवा पेटलाच असता का?

घरच्या मीटरशेजारच्या बॉक्समध्येही असाच एक न बोलणारा साक्षीदार बसलेला असतो. जुनी माणसं आणि बहुतेक वायरमन त्याला अजून ‘ईएलसीबी’ म्हणतात. आत सहसा असतो तो आरसीसीबी. त्याचं काम चोख जमाखर्चाचं आहे. फेजच्या तारेने जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रलच्या तारेने परत यायला हवी. दोन्ही तारा एका लोहकड्यातून जातात. येणंजाणं सारखं असेल तर कड्यातली चुंबकीय बेरीज शून्य. गिझरच्या पत्र्यातून, फाटलेल्या वायरीतून किंवा एखाद्या मुलाच्या ओल्या हातातून थोडी वीज जमिनीकडे वळली, की हिशेब जुळत नाही आणि खटका पडतो. घरगुती उपकरणात ही तूट ३० मिलिअँपिअरची धरलेली असते, आणि तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडणं त्याला बंधनकारक असतं. तो धक्का टाळत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. धक्का बसतोच. तो फक्त हृदयाची लय बिघडण्याआधी आटोपता घेतला जातो.

या उपकरणाच्या जन्मात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींचा हात आहे. जोहान्सबर्गजवळच्या ॲल्बर्टनमधल्या एका कारखान्यात हेन्री रूबिन या इंजिनिअरने १९५५ मध्ये खाणींसाठी गळती ओळखणारी यंत्रणा उभी केली. ती २५० मिलिअँपिअरवर चालायची, म्हणजे माणूस वाचवायला फार उशिरा. पुढच्या एकदोन वर्षांत २० मिलिअँपिअरवर चालणारी सुधारित यंत्रणा आली. स्टिलफोंटेन या खाणवस्तीत घरातच विजेचा धक्का बसून एक बाई दगावली, आणि त्यानंतर १९५७-५८ मध्ये तिथल्या काहीशे घरांत ती बसवली गेली. त्याच सुमारास ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर या विषयात गढले होते. माणसाच्या शरीराचा रोध मोजण्यासाठी त्यांनी स्वतःच्या अंगातून वीज सोडून घेतली. कॅलिफोर्नियात बर्कलीला चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून एक विलक्षण गोष्ट मोजली होती: हातात धरलेली जिवंत तार माणूस स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो. १३४ पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, २८ स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे मूठ आपली राहत नाही. अमेरिकेतलं घरगुती उपकरण आजही ५ मिलिअँपिअरच्या आसपास खटका पाडतं, ते याच मोजमापांच्या वंशातलं.

तर असा हा खटका वीस वर्षं घरात आहे आणि एकदाही पडलेला नाही. घरमालकाला विचारलं तर तो कौतुकाने सांगतो, “वीस वर्षं झाली, काही प्रॉब्लेम नाही.”

हे वाक्य म्हणजे अंधाऱ्या खोलीतला घट. न पडण्याची कारणं दोन असू शकतात: घरात कधी गळती झाली नाही, किंवा झाली आणि खटका अडकलेला होता. वीस वर्षांची शांतता या दोहोंत फरक करत नाही. उलट ती एका बाजूला हळूहळू वजन टाकत असते, कारण आतली यंत्रणा बारीक स्प्रिंगांची आणि कड्यांची असते. धूळ, दमट हवा, सुकलेलं वंगण यांनी ती न हलता हलता हलेनाशी होते. ब्रिटनमधली ‘इलेक्ट्रिकल सेफ्टी फर्स्ट’ ही संस्था घरात कायम बसवलेली अशी उपकरणं सुमारे ९७ टक्के भरवशाची असल्याचं सांगते, आणि नियमित तपासली तर भरवसा वाढतो, असंही सोबत सांगते. शंभरातली तीन म्हणजे फार नव्हेत. पण ती तीन कुणाच्या घरी आहेत हे शांततेवरून ओळखता येत नाही.

यासाठीच उपकरणाच्या तोंडावर ‘टी’ अक्षराचं एक बटण असतं. ते दाबलं की आतल्या एका रोधातून मुद्दाम थोडी वीज हिशेबाबाहेर वळवली जाते. खोटी गळती, खरा खटका. ब्रिटिश वायरिंग नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी ते दाबा अशी सूचना वापरणाऱ्याला द्यावी लागते. आपल्याकडे ते बटण पाहिलेलं नसतं अशी घरं शोधायला लांब जावं लागणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी हे उपकरण सक्तीचं केलं, पण घरगुती दाबाच्या ५ किलोवॅटखालच्या जोडण्या वगळून. म्हणजे ज्या घरांत लोखंडी टेबलफॅन आणि पत्र्याची भिंत आहे, नेमकी तीच घरं बहुधा बाहेर राहिली. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांवर माणसं जातात, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांतली संख्या आहे.

ज्ञान खरं आहे हे कळतं कुठून? हा प्रश्न म्हणजे आपल्या दर्शनांतला प्रामाण्यवाद. मीमांसकांचं उत्तर: ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते झालं की खरंच धरायचं, खोटं ठरवणारं काही पुढे येईपर्यंत. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांचं उत्तर उलटं: खरेपणा बाहेरून कळतो. तहानलेल्याला दूर पाणी दिसलं. ते पाणीच होतं हे कळलं ते जाऊन प्यायल्यावर, तहान भागल्यावर. हे परतःप्रामाण्य. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायाने ‘तत्त्वचिंतामणी’त या वादाला जो पीळ दिला तो उलगडायला पुढच्या पिढ्यांच्या पंडितांचे जन्म खर्ची पडले.

घरमालक हा जन्मजात मीमांसक आहे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाधक काही आलं नाही तोवर विश्वास ठेवायचा, ही जगण्याची साधी रीत आहे. जिना उतरताना प्रत्येक पायरी आधी कोण ठोकून बघतं? अडचण एवढीच की या विशिष्ट वस्तूच्या बाबतीत बाधक ज्ञान येतं ते शेवटचं असतं. पाणी मृगजळ निघालं तर माणूस तहानलेला परत येतो. खटका मृगजळ निघाला तर परत येण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून जिथे चूक एकदाच करता येते तिथे मीमांसकाने न्यायाच्या पाठशाळेत नाव घालावं, आणि बटणाची सोय त्यासाठीच आहे: तहान लागण्याआधी एक घोट पिऊन बघण्याची.

पण घरमालक म्हणतो, उपकरणावर चाचणीची छाप आहे ना? छाप म्हणजे शब्दप्रमाण, भरवशाच्या माणसाचा शब्द. ज्याला स्वतः ठाऊक आहे आणि जसं ठाऊक आहे तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, अशी आप्ताची व्याख्या न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन करतो. दोन्ही अटी महत्त्वाच्या. जाणकार लबाड आणि प्रामाणिक अडाणी दोघेही आप्त नव्हेत. अमेरिकेत फेडरल पॅसिफिक इलेक्ट्रिक या कंपनीची ‘स्टॅब-लॉक’ नावाची ब्रेकरं १९५० च्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षं लाखो घरांत बसली. त्यांच्यावर ‘यूएल’ या नामांकित चाचणी संस्थेची मोहोर होती. १९८० मध्ये कंपनीच्या नव्या मालकांनीच जाहीर केलं की ही मोहोर चाचण्यांत फसवणूक करून मिळवली होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा आयोग चौकशीला बसला आणि १९८३ मध्ये, पुढचा तपास पैशाअभावी परवडत नाही म्हणून, ही ब्रेकरं धोकादायक आहेत किंवा नाहीत असा कोणताच निष्कर्ष न काढता उठला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने कंपनीने ग्राहक-फसवणूक कायदा मोडल्याचं म्हटलं ते २००२ मध्ये. तोवर दोन पिढ्या त्या बॉक्सखाली निवांत झोपल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना कधी काही झालंही नाही, आणि ‘काही झालं नाही’ हाच पुरावा धरून त्यातले कित्येक बॉक्स अजून भिंतीवर आहेत.

या सगळ्या चतुर यंत्रांसमोर जुना फ्यूज फारच साधा वाटतो. १८४७ मध्ये फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी तारयंत्राच्या कचेऱ्या आकाशातल्या विजेपासून वाचवण्यासाठी बारीक तारेचा तुकडा मध्ये घालायला सांगितलं. एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचं पेटंट घेतलं. शाळेच्या पुस्तकात त्याला वितळतार म्हणतात, आणि नावात सगळं आलं. त्याच्यात स्प्रिंग नाही, कडं नाही, जीर्ण होऊन अडकेल असं काही नाही. जास्त प्रवाह, जास्त उष्णता, तार वितळली. हा त्या धातूचा स्वभाव. विसरणं त्याच्या हातात नाही. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचं तर फ्यूजचा भरवसा यंत्रावर नसून निसर्गनियमावर टेकलेला आहे. मात्र त्याला नेमका तपासून बघता येत नाही. वितळवल्याशिवाय तो वितळतो का हे कळत नाही, आणि वितळला की तो फ्यूज राहत नाही. आणखी एक: चिनी मातीच्या त्या किटकॅट फ्यूजला घरातल्या माणसाचा धोका कळत नाही. माणूस मरायला लागणारा प्रवाह त्याच्या हिशेबी चिल्लर असतो. तो वाचवतो वायरीला आणि घराला.

फ्यूजचा घात मात्र निसर्ग करत नाही, करतो तो शेजारचा काका. फ्यूज सारखा उडतो म्हणून तांब्याच्या चार तारा एकत्र पिळून बांधल्या की प्रश्न मिटतो. “आता बघा, जातच नाही!” जो पहारेकरी वारंवार उठवतो त्याला कायमचं निजवण्याची ही कला आपल्याकडे अजून जिवंत आहे. आरसीसीबी सारखा पडतो म्हटल्यावर गळती शोधण्यात दुपार घालवण्यापेक्षा “डायरेक्ट करून देऊ का?” असं विचारणारे वायरमनही भेटतात. ही निव्वळ बेपर्वाई म्हणता येत नाही. जो विनाकारण ओरडतो त्याच्यावर कोण किती दिवस विश्वास ठेवणार?

म्हणजे संरक्षक साधन दोन दिशांनी चुकू शकतं: पडायला हवं तेव्हा पडत नाही, किंवा नको तेव्हा पडतं. संरक्षणाच्या शास्त्रात हवं तेव्हा पडणं आणि नको तेव्हा न पडणं या दोन गुणांचं मोजमाप वेगवेगळं होतं, आणि एक वाढवला की दुसरा बहुधा घटतो. न्यायशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतल्या विद्यार्थ्याला या दोषांची नावं तोंडपाठ असतात. गाईचं लक्षण ‘तांबडी असणं’ असं केलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असणं’ केलं तर म्हशी आत येतात, ही अतिव्याप्ती. खटक्याला आपण जे शिकवतो ते शेवटी धोक्याचं लक्षणच असतं. दोन्ही हातांनी फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरणारा माणूस आरसीसीबीच्या लेखी माणूस नसतोच, बल्ब असतो: गेलं तेवढं परत आलं, हिशेब चोख. ही अव्याप्ती कोणत्याही बटणाने उघड होत नाही. दुसरी अव्याप्ती अलीकडची. साधा ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी शुद्ध उलटसुलट प्रवाहाची गळती ओळखतो. इन्व्हर्टरचं वॉशिंग मशिन, चार्जर यांच्यातून होणाऱ्या गळतीत एका दिशेने वाहणारा अंशही असतो, आणि तो लोहकड्याला अक्षरशः आंधळं करू शकतो. बटण दाबताना ती गळती नसेल तर परीक्षेत शंभरपैकी शंभर. जर्मनीत हा ‘एसी’ प्रकार १९८० च्या दशकापासूनच हद्दपार आहे.

अतिव्याप्तीची किंमत कळायला घराबाहेर यावं लागतं. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कॅनडातल्या नायगाऱ्याजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रात संरक्षणासाठी बसवलेल्या एका रिलेने लाईन तोडली. लाईनवर दोष नव्हता. रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वीच्या हलक्या भाराला धरून लावलेली होती. भार वाढला, मर्यादा तशीच राहिली. भार उरलेल्या लाईनींवर गेला, त्याही तुटल्या, आणि न्यूयॉर्कसकट सुमारे ३ कोटी माणसं अंधारात गेली. रिले नादुरुस्त नव्हता. जे सांगितलं होतं तेच त्याने केलं.

भारतात ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची लाईन अशीच तुटली. तिचा अंतर-रिले व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष किती लांब आहे ते ताडतो. त्या रात्री उत्तरेकडे इतका भार ओढला जात होता की व्होल्टेज खाली आणि प्रवाह वर. गुणोत्तर उतरून नेमकं दूरच्या शॉर्टसर्किटसारखं दिसू लागलं. अंधुक उजेडात दोरी पाहून साप म्हणून उडी मारणारा वेदान्तातला वाटसरू आणि हा रिले, दोघांची गत एकच. फरक इतकाच की वाटसरूच्या उडीने फार तर धोतर फाटतं. इथे अख्खं उत्तर भारत बंद पडलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्व व ईशान्य विभागही त्यात ओढले जाऊन साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. पश्चिम विभाग त्या दोन्ही दिवशी तगला; महाराष्ट्राने तो अंधार टीव्हीवर पाहिला.

महाराष्ट्राची पाळी आठ वर्षांनी आली. मुंबईला १९८० च्या दशकापासून एक अभिमानाची व्यवस्था होती: राज्याचं जाळं डगमगलं की शहर आपोआप तुटून बेटासारखं वेगळं व्हावं आणि स्वतःच्या विजेवर चालत राहावं. राज्यात अंधार असताना मुंबईचे दिवे चालू, असे प्रसंग लोकांनी अनुभवले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास जाळं कोसळलं आणि बेट तगलं नाही. लोकल जागेवर थांबल्या. इथे न पडलेल्या खटक्याची रिकामी शांतता नव्हती. मागची यशं खरी होती, पुरावा खरा होता. पण पुरावा होता त्या मुंबईचा, जिची भूक आणि घरची वीज यांचं प्रमाण वेगळं होतं. व्याप्ती, म्हणजे अनुमानामागचा नियम, जुळली तरी पक्ष, म्हणजे ज्याच्याविषयी अनुमान करायचं तेच, बदललेला असला तर अनुमान कोसळतं, हे सांगायला इंजिनिअरची गरज नाही.

मग रक्षकाचा रक्षक नेमावा, हा पुढचा विचार. मोठ्या उपकेंद्रांत तो नेमलेला असतोच. ब्रेकर उघडला नाही तर त्याच्या मागचे ब्रेकर उघडणारा वेगळा रिले असतो. अमेरिकेत २०१५ पासून घरगुती गळती-खटक्यांना स्वतःची चाचणी स्वतःच आणि वारंवार करणं बंधनकारक झालं. माणूस बटण दाबत नाही हे मान्य करून टाकण्याचा हा प्रांजळपणा आवडण्यासारखा आहे. स्वतःप्रामाण्य आता कारखान्यात तयार होतं, असंही म्हणता येईल. पण स्वतःची परीक्षा घेणाऱ्या त्या इवल्या चिपची परीक्षा कोण घेतं? या ‘त्याचं कोण, त्याचं कोण’ला अनवस्था म्हणतात. चार्वाकांनी अनुमान मोडायला हीच कुऱ्हाड वापरली होती. त्यावर नैयायिक उदयनाचार्य आणि त्यांच्या वाटेने गंगेश यांचं उत्तर व्यवहारी आहे: शंका घ्यावी, पण आपल्याच वागण्याशी तिची टक्कर होईपर्यंतच. ज्याला धूर हवा असतो तो मुकाट्याने विस्तव आणतो. तिथे तो शंका काढत बसत नाही. लाईनमनची गोष्टही अशीच संपते. तीन पायऱ्यांची खातरजमा झाल्यावर तो शंका वाढवत नेत नाही. तारा एकमेकींना जोडून जमिनीला बांधून टाकतो. लाईन ‘अर्थ’ केली की पलीकडून कुणी वीज सोडली तरी ती त्याच्या हाताऐवजी जमिनीची वाट धरते. ज्ञान संपतं तिथे तो बंदोबस्त करतो.

खंडेनवमीला कारखान्यांत, गॅरेजांत यंत्रांची पूजा होते, आणि कित्येक ठिकाणी विजेच्या पॅनेललाही हळदकुंकू, झेंडूची माळ मिळते. ही चाल नुसती हात जोडण्याची नाही. शस्त्रं पूजेला लावायची तर ती आधी म्यानातून बाहेर काढावी लागतात, घासावी लागतात, धार बघावी लागते. गंजून बसलेली तलवार त्या दिवशी म्यानातच अडकते आणि सगळ्यांना दिसते. घरच्या बॉक्समधल्या खटक्याला म्यानातून काढायचा उपाय म्हणजे ते ‘टी’ अक्षराचं बटण. तो नकोसा का वाटतो हेही उघड आहे. राऊटर बंद पडतो, मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर जाऊन लुकलुकत बसतं, लिफ्टने वर आलेल्या पाहुण्यांना बेल न वाजल्यामुळे दारात उभं राहावं लागतं. एकदा दाबून बघितलं की खटकन आवाज होतो, फ्रीजची घरघर थांबते, पंखा हळूहळू मंदावतो आणि स्वयंपाकघरातून हाक येते.

“अहो, लाईट गेली का?”

“गेली नाही. घालवली.”